कृत्रिम पाय लावलेले वडील दोनदा पडले. आता त्यांचं चालणं थांबवायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे. मधुमेहातून गँगरीन झालं आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सात महिन्यांपासून कृत्रिम पाय वापरतात. गेल्या दोन महिन्यांत दोनदा पडले, एकदा पहाटे पलंगाजवळ आणि एकदा न्हाणीघराच्या दारात. मोठी इजा झाली नाही, पण आई आता त्यांना एकटं उठू देत नाही आणि भाऊ व्हीलचेअर आणायचं म्हणतो. चालणं थांबवावं का? महागडा पाय घेतला तर पडणं थांबेल का?

चालणं थांबवू नका. तुमच्या आईची भीती मला पूर्ण समजते. पाय गेलेल्या माणसांसोबत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना अशी घाबरलेली आई किंवा बायको मला नेहमी भेटते. पण बसवून ठेवलेला माणूस सुरक्षित होत नाही. त्याचं पडणं फक्त पुढे ढकललं जातं. सतत बसून राहिलं की खुब्याचे आणि गुडघ्याचे स्नायू आखडतात, मांडीची ताकद जाते, स्टंपला, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाला, सूज येते आणि सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप आत बसवायचा साचा, नीट बसेनासं होतं. साखरही वाढते. आणि संडासला जायला तर ते उठणारच आहेत. तेव्हा ते आजच्यापेक्षा अशक्त असतील.

तुमच्या वडिलांचं काही जगावेगळं झालेलं नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. कॅनडात ४३५ लोकांना विचारून केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून जास्त लोक, म्हणजे ५२ टक्के, वर्षभरात किमान एकदा पडले होते. ४९ टक्क्यांना पडण्याची भीती वाटत होती. हे सगळे पाय काढलेले, पण घरी राहून आपलं आयुष्य जगणारे लोक होते.

दोन पायांवर उभं राहताना आपण स्थिर असतो असं वाटतं, पण शरीर सतत किंचित मागेपुढे डोलत असतं. ते सावरण्याचं पहिलं काम घोट्याचं. पोटरीचे स्नायू क्षणोक्षणी आखडतात, सैल होतात आणि तळव्याची त्वचा मेंदूला कळवत राहते की वजन टाचेवर आहे की बोटांवर. वडिलांच्या उजव्या बाजूला हे दोन्ही गेलं आहे, ताकद आणि बातमी. आता जमिनीची खबर त्यांना स्टंपवर सॉकेटचा दाब कुठे पडतो त्यावरून घ्यावी लागते, आणि ती भाषा शिकायला वेळ लागतो. शिवाय कारण मधुमेह असल्यामुळे डाव्या तळव्याची संवेदनाही कमी झालेली असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे ज्या पायाला आपण चांगला पाय म्हणतो, तोही अर्धवट माहिती देतो. मग उरतात डोळे आणि तोल ओळखणारा आतला कान. अंधार झाला की डोळेही गेले. पहाटेचं पडणं इथून समजून घ्यायला लागा.

दोन्ही वेळा ते नेमके कसे पडले, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. ‘तोल गेला’ एवढ्यावर थांबू नका. त्यांच्या शेजारी बसून, न रागावता विचारा. पाय लावलेला होता की काढलेला? पुढे पडले, मागे की बाजूला? उठताना, वळताना की चालताना? गुडघा दुमडला की पायाचं बोट अडकलं? पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली का? हातात काय होतं? एका वहीत हे लिहून ठेवा आणि तोल जाऊन सावरले असतील तर तेही लिहा. प्रत्येक पडण्यामागे अशी बरीच सावरणी होऊन गेलेली असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. तपासायला येणाऱ्या माणसाने ही वही आणली तर माझं निम्मं काम तिथेच होतं.

पहाटेच्या पडण्याबद्दल माझा अंदाज असा की कृत्रिम पाय काढून ठेवलेला होता आणि झोपेतून उठताना तो नाही हे ते विसरले. पाय कापल्यानंतरही तो तिथेच असल्याचा भास मेंदूला होत राहतो. बोटं हलतात, तळवा खाजतो. जागेपणी माणूस हे सावरून घेतो. अर्धवट झोपेत लघवीची घाई असताना शरीर सवयीने उजवा पाय खाली टेकवायला जातं आणि तिथे काहीच नसतं. अनेक वर्षं पाय नसलेल्या लोकांनाही हे होतं, त्यामुळे ‘लक्ष ठेवा’ असं बजावून उपयोग नाही. व्यवस्थाच अशी हवी की उठताना काहीतरी आडवं यावं. वॉकर पलंगाला चिकटून, ते ज्या बाजूने उतरतात तिथेच ठेवा. रात्री मंद दिवा चालू ठेवा. काठावर बसल्यावर दोन्ही हात स्टंपवर ठेवायचे, एक मिनिट बसायचं आणि मगच उठायचं, ही सवय दिवसा दहा वेळा करवून घ्या म्हणजे रात्री ती आपोआप होईल. आणि उशाशी लघवीचं भांडं ठेवायला लाजू नका. रात्री दोनदा होणारी अंधारातली फेरी टळली तर मोठा धोका टळतो.

ते एक मिनिट बसणं आणखी एका कारणासाठी हवं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेहाने नसांवर परिणाम झाला असेल, तर झटकन उठल्यावर रक्तदाब खाली येतो. पाय दुखतो म्हणून प्रेगाबालिन, गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन चालू असेल तर त्यानेही गुंगी आणि चक्कर येते. पहाटे साखर खाली जाणं हे आणखी एक कारण. डॉक्टरांना झोपून आणि उभं राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजायला सांगा. गोळ्या स्वतः बंद करू नका, पण सगळ्यांची यादी पुढे ठेवून ‘हे पडले आहेत’ असं स्पष्ट सांगा. पडल्याचं सांगितलंच नाही तर त्या अंगाने कुणी विचार करत नाही.

आता न्हाणीघर. आपल्या घरांत न्हाणीघराचा उंबरठा, आत दोन-चार इंच खाली उतरलेली ओली फरशी, साबणाचं पाणी आणि दाराबाहेरचं सरकणारं पायपुसणं, हे सगळं हातभर जागेत एकत्र असतं. बहुतेक कृत्रिम पाय भिजवायचे नसतात, म्हणून माणूस पाय बाहेर काढतो आणि लंगडी घालत आत जातो. ही लंगडी बंद झाली पाहिजे. ओल्या फरशीवर एका पायाने उडी मारून उतरणं, तेही तळव्याला नीट जाणवत नसताना, हे कितीही तरबेज माणसाने करू नये. दाराबाहेर कोरड्या जागेत एक भक्कम खुर्ची ठेवा, दुसरं स्टूल आत. शक्य असेल तर दोन्हींची उंची सारखी असावी, म्हणजे बसल्या बसल्या सरकत जाता येतं. प्लास्टिकची नेहमीची खुर्ची आत नको, ओल्या टाईल्सवर तिचे पाय फाकतात. रबरी टोकांचं आंघोळीचं स्टूल मेडिकलच्या दुकानात मिळतं. भिंतीला स्टीलचा दांडा लावा, पण भोक पाडून, बोल्टने पक्का केलेला. रबराच्या वाट्यांनी चिकटणारे दांडे अंगाचं वजन पेलत नाहीत. टॉवेलच्या दांडीला धरून पडलेले लोक मी पाहिले आहेत, ती हातात निघून येते. आंघोळीनंतर स्टंप पूर्ण कोरडा करून बाहेरच्या खुर्चीवरच पाय चढवायचा. पायपुसणं काढून टाका.

दुसरं पडणं पाय लावलेला असताना झालं असेल, तर मी सगळ्यात आधी सॉकेट बघेन. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षभरात स्टंप बारीक होत जातो. सात महिन्यांपूर्वी घट्ट बसणारं सॉकेट आज सैल असणार, हे जवळजवळ गृहीत धरा. पाऊल उचलताना पाय थोडा खाली सरकतो, म्हणजे तेवढा लांब होतो, आणि पुढचं टोक उंबरठ्याला अडकतं. म्हणूनच स्टंपचे मोजे वेगवेगळ्या जाडीचे असतात आणि सकाळी एक, दुपारी दोन असं दिवसातही बदलावं लागतं. बऱ्याच लोकांना पाय मिळतो पण हे कुणी नीट शिकवत नाही. शिबिरांतून पाय एक-दोन दिवसांत बसवून मिळतो, त्याने असंख्य लोक उभे राहिले आहेत आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण मोजे कधी वाढवायचे आणि तोल कसा सांभाळायचा हे शिकायला आठवडे लागतात, आणि ते आठवडे कुणाच्या हिशेबातच नसतात. एकावर एक मोजे चढवून जाडी दहा-पंधरा प्लायच्या (प्लाय म्हणजे मोज्यांच्या जाडीचं माप) पुढे गेली असेल तर नवं सॉकेट करायची वेळ आली आहे.

एका गोष्टीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं: चपला. कृत्रिम पायाची जुळणी ठरावीक उंचीच्या टाचेसाठी केलेली असते. जयपूर फूट डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवला तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसासाठी. तो घरात चपलेविना चालतो. पण कडक लाकडी गाभ्याचं आणि मऊ टाचेचं ‘सॅच’ पाऊल किंवा बाजारातली बरीचशी फायबरची पावलं बुटासाठी जुळवलेली असतात. आपण दारात बूट काढतो. टाच तेवढी खाली गेली की नळी मागे झुकते, गुडघा मागे ढकलला जातो आणि माणसाला सतत चढ चढल्यासारखं वाटतं. असा माणूस मागे पडतो. उलट, नेहमीपेक्षा उंच टाचेचा बूट घातला तर गुडघा पुढे दुमडू लागतो. वडिलांचं पाऊल कोणत्या प्रकारचं आहे हे पाय बनवणाऱ्याला विचारा. बुटासाठीचं असेल तर घरात वापरायला त्याच उंचीची, मागे पट्टा असलेली वेगळी स्वच्छ चप्पल घ्या. देवघर, स्वयंपाकघर यावरून घरात कुरबुर होते, मला माहीत आहे. पण मधुमेहात डाव्या पायानेही अनवाणी फिरू नये. तो पाय वाचवणं हेच आता सगळ्यात मोठं काम आहे.

त्यांचा धोका किती आहे हे पाहायला घरी एक चाचणी करता येते. हाताची टेकणं असलेली खुर्ची, समोर तीन मीटरवर एक खूण. नेहमीची काठी किंवा वॉकर घेऊन उठायचं, खुणेपर्यंत जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. शेजारी कुणीतरी उभं हवंच. गुडघ्याखाली पाय काढलेल्या लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना याला १९ सेकंद किंवा जास्त लागत होते त्यांच्यात वारंवार पडणारे जास्त निघाले. सेकंदांइतकंच वळणं बघा. दोन-तीन पावलांत वळतात की जागच्या जागी सहा-सात छोटी पावलं टाकतात? वळताना सगळं वजन डाव्या पायावर घेऊन उजवा नुसता ओढतात का? मग हीच चाचणी त्यांच्याशी बोलत करा, शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगा. बोलताना ते थांबले किंवा वेळ बराच वाढला, तर याचा अर्थ चालणं अजून अंगवळणी पडलेलं नाही, सगळं लक्ष त्यातच खर्च होतंय. अशा माणसाला चालताना हाका मारू नका, त्याच्या मोबाईलवर फोन करू नका. तो फोन घ्यायला जातो आणि पडतो.

व्यायाम शक्यतो एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मुंबईत हाजी अली इथली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची जुनी संस्था आहे, तिथे पाय बनवणारे आणि चालणं शिकवणारे एकाच ठिकाणी भेटतात. पण जागा म्हणून तुमचा स्वयंपाकाचा ओटा उत्तम आहे. ओट्याकडे तोंड करून उभं राहायचं, मागे खुर्ची. तोल गेला तर पुढे हात, मागे बसायची जागा.

पहिलं काम, वजन उजवीकडे नेणं. जवळजवळ प्रत्येक जण चांगल्या पायावरच उभा राहतो. वजनाचे दोन सारखे काटे मिळाले तर एकेका पायाखाली एक ठेवा. ७० किलोच्या माणसाला उजव्या काट्यावर २० च दिसले की त्याला स्वतःलाच पटतं, माझ्या सांगण्याची गरज उरत नाही. हळूहळू ३५ पर्यंत आणायचे, आधी ओटा धरून, मग बोटं टेकवून, मग हात वर. त्यानंतर समोर एक लाकडी पाट ठेवा आणि डावा पाय सावकाश उचलून त्यावर ठेवून परत आणायला सांगा. डावा पाय जितका सावकाश जाईल तितका वेळ उजव्याला एकट्याने वजन पेलावं लागतं. झटकन टेकवला तर व्यायाम झाला नाही. हे जमलं की पाटाच्या जागी चेंडू, आणि त्यावर डाव्या तळव्याने गोल फिरवणं.

दुसरं, खुब्याच्या बाजूचे आणि मागचे स्नायू. घोटा नसलेल्या बाजूला तोल सावरायचं ओझं खुब्यावर येतं. डाव्या कुशीवर झोपून उजवी मांडी वर उचलणं आणि पालथं झोपून मांडी मागे उचलणं हे रोज व्हायला हवं. पालथं झोपण्याने खुबा आखडत नाही, दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं झोपावं. गुडघ्याखाली उशी घेऊन बसायची सवय असेल तर ती आजच काढा. वाकडा राहिलेला गुडघा सॉकेटमध्ये कधीच नीट उभा राहत नाही.

डाव्या पायावरही काम हवं. नेदरलँड्समधल्या २००३ च्या एका अभ्यासात वयस्क रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी उरलेल्या पायावर आधाराविना उभं राहता येतं का, यावरून पुढचा वावर बराचसा ओळखता आला. ओटा धरून, डाव्या पायात बूट घालून, शेजारी कुणी असताना याचा सराव करा. काठी वापरत असतील तर ती डाव्या हातात. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी.

महागड्या पायाबद्दल. गुडघ्याच्या वरून पाय काढलेला असेल तर कॉम्प्युटरने नियंत्रित गुडघ्याने अडखळणं आणि पडणं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. त्याची किंमत लाखांत असते, तरी तिथे विचार करण्यासारखं आहे. तुमच्या वडिलांचा गुडघा स्वतःचा आहे. त्यांच्यासाठी नीट बसणारं सॉकेट, योग्य जुळणी आणि दोन-तीन महिन्यांचा सराव यांचा फायदा महागड्या पावलापेक्षा जास्त होईल. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी न्हाणीघरावर करा.

व्हीलचेअर आणायला माझी हरकत नाही. लांबच्या अंतराला, लग्नकार्यात, स्टंपला जखम असताना ती हवीच. चालण्याऐवजी मात्र नको. आणि तिच्यावरूनही लोक पडतात, बहुतेकदा ब्रेक न लावता उठताना.

आता पडल्यावर काय करायचं. काखेत हात घालून लगेच ओढून उठवू नका, खांदा दुखावतो आणि उचलणाराही पडतो. आधी दोन मिनिटं तिथेच राहू द्या. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते बरे दिसले तरी रुग्णालयात न्या. पाय गेलेल्या मधुमेहींना अशा गोळ्या बऱ्याचदा असतात. खुब्यात दुखत असेल, उभं राहवत नसेल तर एक्स-रे. स्टंप उघडून बघा. सूज, काळंनिळं, टाक्यांच्या जागी ओल दिसली तर डॉक्टर बघेपर्यंत पाय चढवायचा नाही. काही नसेल तर त्यांना बसल्या बसल्या पलंगापर्यंत सरकू द्या. तिथे पाठीमागे आधी पाट, मग बुटकं स्टूल, मग पलंग, असं हातांनी रेटा देत पायरी पायरीने मागे वर चढायचं. जमिनीवर बसायची आयुष्यभराची सवय इथे आपल्या लोकांच्या फार उपयोगी पडते. याचा सराव पडलेले नसताना, सतरंजीवर, आठवड्यातून एकदा करा. जमिनीवरून स्वतः उठता येतं हे कळलेल्या माणसाची भीती झपाट्याने कमी होते, आणि भीती कमी झाली की चालही मोकळी होते. घाबरून, अंग ताठ करून, जमिनीकडे बघत चालणारा माणूस जास्त अडखळतो.

शेवटचं आईंसाठी. त्यांना ‘उठू नका’ म्हणायचं काम नको, सोबत उभं राहायचं काम द्या. त्यांनी उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे चालायचं. हात किंवा मनगट धरायचं नाही, त्याने तोल उलट बिघडतो. वडिलांच्या कमरेला रुंद पट्टा बांधा आणि मागून तो मुठीत धरू द्या. तोल गेला तर वर उचलायचा प्रयत्न करायचा नाही, आपल्या अंगाजवळ ओढून घ्यायचं आणि सावकाश खाली बसवायचं. पहिल्या दिवशी खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या पुरे. पुढच्या भेटीला पाय बनवणाऱ्याकडे जाल तेव्हा वही, घरातली चप्पल आणि त्यांच्या चालण्याचा समोरून आणि बाजूने काढलेला व्हिडिओ बरोबर न्या.